मकरपुऱ्यातला टेस्ट बेंच: रिअल मोडमध्येच ठेवायचा की प्रोटेक्टेड मोडला न्यायचा?

मकरपुरावाला

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं स्प्रिंग टेस्टिंगचं छोटं युनिट आहे. बेंचला एक इंडस्ट्रियल पीसी जोडलाय, पेंटियम १३३, १६ एमबी रॅम, डॉस ६.२२, आणि आयसा या जुन्या स्लॉटमध्ये १२ बिटचं ए-टू-डी कार्ड, म्हणजे सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारं. प्रोग्राम टर्बो सी मधला, लार्ज मॉडेल. सगळं उत्तम चालू आहे, मशीन बदलायचा काही विचार नाही.

अडचण अशी की आत्तापर्यंत टेस्ट चाळीस सेकंदांची असायची. दोन चॅनल, लोड आणि डिस्प्लेसमेंट, सेकंदाला २००० सॅम्पल, प्रत्येक सॅम्पल २ बाइट, म्हणजे सेकंदाला ८००० बाइट, चाळीस सेकंदांचे ३ लाख २० हजार. फारमॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शननं एवढी जागा मिळत होती. आता नव्या कस्टमरला पाच मिनिटांची सायकल हवीये आणि शेवटी पूर्ण ग्राफ झूम करून बघायचाय, म्हणजे २४ लाख बाइट, ते ६४० केबीत कुठून बसणार. मशीनमध्ये १६ एमबी रॅम आहे आणि मला त्यातला एक एमबीसुद्धा धड वापरता येत नाही याचा खूप त्रास होतो. डीजेजीपीपी (डॉसवरचा ३२ बिट सी कंपायलर) वापरून प्रोटेक्टेड मोडमध्ये जावं का, जिथे सगळी रॅम वापरता येते, की रिअल मोडमध्ये, म्हणजे डॉसच्या नेहमीच्या १ एमबीच्या पद्धतीत, राहूनच काही मार्ग आहे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

पळसीकर_इंदूर

भाऊ, यूएसबीवालं डेटा लॉगर घ्या, पायथन लावा, विषय संपला. २०२० नंतर कोण रिअल मोडमध्ये डोकं घालतं.

मकरपुरावाला

दादा, तेही बघितलं. पण या बेंचचं कॅलिब्रेशन या कार्डासकट झालंय, कार्ड बदललं की परत सगळं सर्टिफिकेशन, आणि कस्टमरला पुढच्या महिन्यात रिपोर्ट हवेत. कार्ड, केबल आणि लोडसेलला हात न लावता फक्त सॉफ्टवेअर बदलायला परवानगी आहे, म्हणून विचारतोय.

कारेलीबागकर

मकरपुरावाले भाऊ, प्रश्न अगदी नीट मांडलात, आकडे दिलेत, त्यामुळे उत्तर देता येतं. मी नव्वदच्या दशकात इथे अलकापुरीत सी आणि असेंब्ली शिकवायचो, तेव्हा हाच वाद रोज व्हायचा.

आधी मूळ बघा. १९७८ च्या ८०८६ ला २० ॲड्रेस लाइन, म्हणून १ एमबी. सेगमेंटला १६ नं गुणायचं आणि ऑफसेट मिळवायचा. आयबीएमनं १९८१ च्या पीसीत ए०००० हेक्सपासून वरची जागा व्हिडिओ, कार्डांची रॉम आणि बायोस यांना दिली, खाली उरले ते ६४० केबी. तुमचा पेंटियम चालू होतो तेव्हा तो वागायला ८०८६ च असतो, डॉस त्याला तसाच ठेवतं, म्हणून १६ एमबी असून दिसत नाही.

आता माझं मत. तुम्हाला *कोड* मोठा करायचा नाहीये, *डेटा* मोठा झालाय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक तिथेच गल्लत करतात. डेटा वर ठेवायला सगळा प्रोग्राम प्रोटेक्टेड मोडला न्यायची गरज नाही. कॉन्फिग फाइलमध्ये हायमेम हा मेमरी ड्रायव्हर आहे ना? मग एक्सएमएस वापरा, म्हणजे १ एमबीच्या वरची रॅम त्या ड्रायव्हरकडून मागून घ्यायची पद्धत. इंट २एफ या सॉफ्टवेअर इंटरप्टला एएक्स रजिस्टरमध्ये ४३०० देऊन विचारा, एएलमध्ये ८० आलं तर ड्रायव्हर आहे, मग ४३१० नं त्याच्या एंट्री पॉइंटचा पत्ता घ्या. ३ एमबीचा ब्लॉक मागा, हँडल मिळेल. खाली छोटा बफर, तो भरला की फंक्शन ०बी नं वर कॉपी. हँडलच्या जागी शून्य दिलं की ते साधा सेगमेंट-ऑफसेट समजतं. एकच लक्षात ठेवा, कॉपीची लांबी सम बाइट हवी, विषम दिलीत तर एरर येणार. तुमचं सॅम्पल २ बाइटचं आहे तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटतो.

ग्राफ काढतानाही तसंच, जेवढा भाग स्क्रीनवर हवा तेवढा खाली आणायचा. सध्याचा इंटरप्ट रूटीन (कार्डानं हाक मारली की चालणारा कोड), टर्बो सी चं बीजीआय ग्राफिक्स, प्रिंटिंग, काही म्हणजे काही बदलायचं नाही.

लष्कर_ग्वाल्हेर

काका, तुमचा मुद्दा मान्य, पण मी दुसरी बाजू मांडते कारण मी असंच एक वजनाच्या मशीनचं सॉफ्टवेअर टर्बो सी मधून डीजेजीपीपीला नेलंय आणि नंतर मागे वळून बघितलं नाही.

एक्सएमएसमध्ये डेटा ठेवला की तो तुमचा ॲरे राहत नाही. स्मूदिंग फिल्टर लावायचाय, पीक शोधायचाय, दोन टेस्ट एकमेकांवर ठेवून बघायच्यात, प्रत्येक वेळी खिडकीतून थोडं थोडं आत आणा, परत बाहेर ठेवा. आज पाच मिनिटं, उद्या कस्टमर वीस मिनिटं म्हणेल. डीजेजीपीपीत मॅलॉक करा २४ लाख बाइटचं, ॲरे इंडेक्स लावा, झालं. सेगमेंट नाही, फार-ह्यूज नाही, ६४ केबीची भिंत नाही. ३८६ नं १९८५ मध्ये ४ जीबीचा सपाट पत्ता दिला तो याचसाठी. १९९३ मध्ये डूम आलं तेही डॉस/४जीडब्ल्यू एक्स्टेंडरवरच, म्हणजे डॉस खाली आणि गेम ३२ बिटमध्ये, आणि लोकांनी ते साध्या ४८६ वर खेळलं.

आणि मोड बदलायचं काम तुम्हाला स्वतःला करायचंच नाहीये. सीडब्ल्यूएसडीपीएमआय हे डीजेजीपीपीसोबतचं मदतनीस सॉफ्टवेअर (डीपीएमआय होस्ट) ते करतं, फाइल उघडणं वगैरे डॉसची कामं खाली पाठवून उत्तर परत आणतं. पोर्ट वाचायला-लिहायला इनपोर्टबी आणि आउटपोर्टबी डीजेजीपीपीतही आहेत, त्यामुळे कार्डाशी बोलणारा कोड जवळजवळ तसाच राहतो.

मकरपुरावाला

ताई, काका, दोघांचे खूप आभार. ताई, एक गोष्ट विचारतो. माझं कार्ड आयआरक्यू ५ वर, म्हणजे ५ नंबरच्या हार्डवेअर इंटरप्ट लाइनवर आहे. जंपर बदलता येतो पण नको वाटतं. टर्बो सी मध्ये मी सेटव्हेक्टनं ०डी हेक्स हा व्हेक्टर (इंटरप्टच्या टेबलातला नंबर) पकडलाय, प्रत्येक सॅम्पलला इंटरप्ट, रूटीन दोन पोर्ट वाचून रिंग बफरमध्ये टाकतं. डीजेजीपीपीत हे जमेल का? कुठेतरी वाचलं की ०डी हा प्रोटेक्टेड मोडमध्ये भलताच काहीतरी असतो.

लष्कर_ग्वाल्हेर

बरोबर वाचलंत. आयआरक्यू ५ म्हणजे व्हेक्टर १३, आणि प्रोटेक्टेड मोडमध्ये १३ म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, प्रोग्रामनं नियम मोडल्याची प्रोसेसरची एरर. आयबीएमनं आयआरक्यू ० ते ७ हे व्हेक्टर ८ ते १५ वर ठेवले, पण इंटेलनं पहिले ३२ व्हेक्टर स्वतःसाठी राखलेले होते. ८०८८ वर टक्कर जाणवली नाही, २८६ आल्यावर जाणवली. डीपीएमआय होस्ट ही भानगड तुमच्यासाठी निस्तरतो, तुम्ही ०डी लाच हँडलर लावायचा, तुमच्याकडे हार्डवेअरचाच इंटरप्ट येतो.

पण एक गोष्ट अजिबात सोडायची नाही. हँडलरचा कोड, तो ज्या बफरला हात लावतो तो बफर, रिंग बफरचे हेड-टेल, सगळं मेमरीत *लॉक* करायचं. सीडब्ल्यूएसडीपीएमआयला डिस्कवर स्वॅप करता येतं. इंटरप्ट आला आणि नेमकं तेच पान डिस्कवर असेल तर ते आणायला डॉसला हाक मारावी लागते, आणि त्या क्षणी डॉस आधीच दुसऱ्या कामात असू शकतं, मग मशीन तिथेच बसतं. टेबलावर तपासताना हे दिसणार नाही, रॅम भरलेली असताना दिसेल. दोन उपाय. एकतर स्टार्टअप फ्लॅगमध्ये लॉक मेमरी लावा. नाहीतर त्याचीच दुसरी आवृत्ती सीडब्ल्यूएसडीपीआर० वापरा, त्यात स्वॅपच नाही आणि प्रोग्राम रिंग शून्यात, म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्यात जास्त अधिकाराच्या पातळीवर चालतो. तुमच्यासारख्या एकच प्रोग्राम चालवणाऱ्या मशीनला मी दुसरा सुचवेन.

फतेहगंज_बूटलोडर

मध्येच बोलतोय, माफ करा. मी कलाभवनला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्वतःचं बूट सेक्टर लिहितोय नॅझम असेंब्लरमध्ये, क्यूइएमयू एम्युलेटरवर. ७सी०० ला लोड होतं, अक्षरं दिसतात, जीडीटी (सेगमेंटचं टेबल) लोड केली, सीआर० मध्ये पीई बिट (प्रोटेक्टेड मोडचा) लावला, ३२ बिटमध्ये जाऊन बी८००० ला, म्हणजे स्क्रीनच्या मेमरीत, एक अक्षर लिहिलं तर ते दिसतं सुद्धा. पण मग एसटीआय केलं (इंटरप्ट चालू केले) की लगेच मशीन रीसेट होतं आणि परत पहिल्यापासून सुरू, हे चक्र थांबतच नाही. वर ताईंनी जे व्हेक्टरचं लिहिलंय त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कारेलीबागकर

अरे वा, थेट संबंध आहे. आणि अक्षर दिसलं म्हणजे तुझा अवघड भाग झालाय बाळा.

नीट बघ काय होतंय ते. टायमर सेकंदाला १८.२ वेळा वाजतो, आयआरक्यू ०, व्हेक्टर ८. रिअल मोडमध्ये मेमरीच्या तळाशी १०२४ बाइटचं टेबल असतं, २५६ पत्ते, प्रत्येकी ४ बाइट, बायोस ते भरून ठेवतो. प्रोटेक्टेड मोडमध्ये प्रोसेसर आयडीटी या इंटरप्टच्या टेबलात बघतो, तिथे ८ बाइटची गेट डिस्क्रिप्टर हवीत. तू आयडीटी केलीच नाहीयेस, म्हणजे एसटीआय नंतर पहिलाच टायमर आला की प्रोसेसर त्या जुन्याच टेबलाला गेट समजून वाचतो, त्यात काही अर्थ नाही म्हणून फॉल्ट, फॉल्टचा हँडलर शोधायला गेला तिथेही तेच म्हणून डबल फॉल्ट, त्याचाही हँडलर नाही म्हणून ट्रिपल फॉल्ट, आणि ट्रिपल फॉल्टवर पीसी रीसेट होतो. फार तर ५५ मिलिसेकंद टिकतो तुझा कर्नल.

आत्ता पुरतं २१ आणि ए१ हेक्स या पोर्टांवर एफएफ लिही, म्हणजे दोन्ही पिक (इंटरप्ट कंट्रोलर) गप्प. मग आयडीटी बांध, निदान पहिल्या ३२ व्हेक्टरना स्क्रीनवर नंबर छापणारा हँडलर दे, मग मास्टर पिक २० हेक्सपासून आणि स्लेव्ह २८ हेक्सपासून बसव, मग एकेक आयआरक्यू उघड. कीबोर्ड आधी उघडू नकोस, टायमर उघड, तो आपोआप वाजतो त्यामुळे तपासायला बरा. हँडलरच्या शेवटी पिकला ईओआय (काम संपल्याची खूण) द्यायचं, नाहीतर एकदाच वाजेल.

पीई बिट लावल्यावर फार जंप केलास ना? केलासच असशील, नाहीतर इथवर आला नसतास. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो, बिट लावल्यावरही सीएस या कोड सेगमेंट रजिस्टरच्या पोटात जुनाच रिअल मोडचा डिस्क्रिप्टर असतो, फार जंप करून सिलेक्टर ०८ भरला की मगच प्रोसेसर खऱ्या अर्थानं ३२ बिट सूचना वाचायला लागतो.

आणि ए२०, म्हणजे २० नंबरची ॲड्रेस लाइन. क्यूइएमयूवर तुला कदाचित जाणवणार नाही, पण खऱ्या मशीनवर ए२० बंद असेल तर पत्त्याचा २० वा बिट शून्यच राहतो, १ एमबीवर लिहिलेलं शून्यावर जाऊन पडतं. १९८४ च्या पीसी एटी मशीनमध्ये जुने प्रोग्राम चालावेत म्हणून आयबीएमनं ती लाइन कीबोर्ड कंट्रोलरमार्फत बंद-चालू केली, ते ओझं पुढच्या सगळ्या मशीननी वाहिलं. लो बाइटला एक खूणचिठ्ठी लिहून १ एमबी वर वाचून बघ, तीच दिसली तर बंद आहे.

फतेहगंज_बूटलोडर

काका!! पिक गप्प केले तर रीसेट थांबलं. आयडीटी बांधतोय आता. एक शंका, डिस्क वाचायला इंट १३ वापरत होतो ते आता ३२ बिटमधून चालणार नाही ना?

कारेलीबागकर

नाही चालणार. बायोसचा तो कोड १६ बिटचा, रिअल मोडसाठी लिहिलेला. म्हणून सगळे काय करतात, कर्नल आधी रिअल मोडमध्येच इंट १३ नं वाचून मेमरीत ठेवतात, मेमरी किती आहे तेही बायोसला तिथेच विचारून घेतात, आणि मग वर जातात. वर गेल्यावर डिस्कचा ड्रायव्हर स्वतःचा. २८६ वर तर परतीची वाटच नव्हती, एकदा पीई लावला की काढता यायचा नाही, सीमॉस या बॅटरीवरच्या छोट्या मेमरीत खूण ठेवून कीबोर्ड कंट्रोलरकरवी प्रोसेसरच रीसेट करायचा आणि बायोसनं ती खूण बघून प्रोग्रामकडे परत यायचं. इंट १५ चं ८७ फंक्शन एटीवर असंच काम करायचं, तेवढा वेळ इंटरप्ट बंद, तोवर मॉडेमवरची अक्षरं गळून जायची. ३८६ मध्ये बिट काढता येतो म्हणून पुढची सगळी मजा शक्य झाली.

पळसीकर_इंदूर

वरचं सगळं वाचलं आणि माझं पहिलं म्हणणं मागे घेतो, हे प्रकरण खरंच वेगळं आहे. पण भिया, एक साधी गोष्ट कोणीच विचारली नाही. सेकंदाला ८००० बाइट म्हणजे डिस्कसाठी काहीच नाही. टेस्ट चालू असताना सरळ फाइलमध्ये का लिहीत नाही? मेमरीत २४ लाख बाइट ठेवायचेच कशाला?

मकरपुरावाला

दादा, हार्ड डिस्क गेल्यावर सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड लावलंय, सयाजीगंजातून आणलेल्या अडॅप्टरवर. ते लिहिताना मधेच थबकतं, म्हणून भीती वाटते. आणि इंटरप्टमधून फाइलला हात लावायचा नाही एवढं माहितीये.

लष्कर_ग्वाल्हेर

इंदूरच्या दादांनी मुद्दा पकडला. इंटरप्टमधून लिहायचं नाही हे बरोबरच, डॉस रीएन्ट्रंट नाही, म्हणजे एक काम चालू असताना मधेच दुसरं घेत नाही. लिहायचं मेन लूपमधून. रिंग बफर ३२ केबीचा ठेवा, म्हणजे चार सेकंदांचा डेटा मावतो. सीएफ कार्ड अर्धा सेकंद अडलं, एक सेकंद अडलं, काही बिघडत नाही. आणि थबकणं कमी करायचं असेल तर टेस्ट सुरू व्हायच्या *आधी* फाइल पूर्ण लांबीची करून ठेवा: २४ लाखांवर सीक करा, शून्य लांबीचं राइट करा, डॉस तेवढे क्लस्टर आधीच बांधून देतं, फाइल बंद करून परत उघडा, मग टेस्टमध्ये फॅट टेबलला हात लागत नाही. मध्येच लाइट गेली तरी तोपर्यंतचा डेटा फाइलमध्ये सापडतो, नुसत्या रॅममध्ये ठेवला तर सगळाच जातो.

खरं सांगायचं तर हे वाचून माझंही मत थोडं सरकलं. टेस्ट घेणारा प्रोग्राम टर्बो सी मध्येच राहू द्या. ग्राफ, झूम, फिल्टर, रिपोर्ट यांचा वेगळा प्रोग्राम डीजेजीपीपीत लिहा आणि मधे ती फाइल.

कारेलीबागकर

याला माझा पूर्ण पाठिंबा. इंटरप्ट जिथे आहे तिथे रिअल मोड, हिशोब जिथे आहे तिथे प्रोटेक्टेड. मग आयआरक्यू ५ चा प्रश्न नाही, लॉक करायचा प्रश्न नाही, एक्सएमएससुद्धा नको. कॅलिब्रेशनवाल्यांनाही सांगता येईल की वाचणाऱ्या रूटीनला हात लावलेला नाही.

फक्त कॉन्फिग फाइलमध्ये ईएमएम३८६ या मेमरी मॅनेजरची ओळ असेल तर काढा. ती असली की तुम्ही समजता रिअल मोड पण प्रोसेसर असतो व्हर्च्युअल ८०८६ मध्ये, प्रत्येक इंटरप्ट आधी वरच्या मॉनिटरकडे जाऊन मग तुमच्याकडे येतो. सेकंदाला २००० इंटरप्ट असताना तो फेरा कशाला.

मकरपुरावाला

ओळ होती, काढली. हायमेम आणि डॉस-हाय एवढंच ठेवलंय, बेस मेमरी तरीही पुरेशी आहे. रिंग बफर आणि आधी बांधलेली फाइल, दोन्ही केलं. काल पाच मिनिटांची सायकल चालवली, एकही सॅम्पल गळलं नाही, टायमर काउंट आणि सॅम्पल काउंट जुळले. मनापासून आभार सगळ्यांचे.

आता दुसऱ्या प्रोग्रामला लागलोय. फाइलच्या सुरुवातीला हेडर स्ट्रक्चर आहे, टेस्ट नंबर, तारीख, स्केल फॅक्टर वगैरे, आणि डीजेजीपीपीत ते वाचलं की टेस्ट नंबर बरोबर नाही, पुढचं सगळं सरकलेलं.

लष्कर_ग्वाल्हेर

दोन कारणं. टर्बो सी चा इंट २ बाइटचा, डीजेजीपीपीचा ४ बाइटचा. हेडरमध्ये जिथे इंट आहे तिथे शॉर्ट करा. लाँग दोन्हीकडे ४ च आहे, फ्लोट आणि डबलही जुळतात. दुसरं म्हणजे डीजेजीपीपी फील्डमध्ये रिकाम्या जागा सोडतं, टर्बो सी साधारण सोडत नाही, तेव्हा स्ट्रक्चरला पॅक्ड ॲट्रिब्यूट लावा आणि दोन्हीकडे साइझऑफ छापून बघा, आकडा एकच आला पाहिजे. ग्राफसाठी बीजीआय तिथे चालणार नाही, अलेग्रो ४ ही ग्राफिक्स लायब्ररी घ्या, झूम-स्क्रोल त्यात चांगलं होतं.

मकरपुरावाला

आकडा जुळला, ग्राफ दिसायला लागला. २४ लाख बाइट एकाच ॲरेत, बाण दाबला की सरकतोय, ऑपरेटर बघतच राहिला. शेवटचं एक. रिपोर्ट ९ पिन डॉट मॅट्रिक्सवर जातो, ग्राफ बिट इमेजमध्ये पाठवतो. टर्बो सी मधून इंट १७ नं जायचा. डीजेजीपीपीतून पीआरएन फाइल म्हणून उघडून लिहिलं तर अक्षरं नीट येतात पण ग्राफ मधे मधे तुटून तिरका होतो.

लष्कर_ग्वाल्हेर

टेक्स्ट मोडमध्ये उघडलंय. बिट इमेजमध्ये जिथे १० हा बाइट येतो तिथे लायब्ररी त्याला ओळ संपली समजून आधी १३ घुसवते, एक बाइट वाढला की पुढची सगळी ओळ सरकते. एफओपनला "डब्ल्यूबी" द्या.